खुशालीचा फोन

विश्वजीतचं डोकं धंद्यात जेवढं चालायचं, तेवढे त्याचे हात चालले नाहीत. हायवेवर त्यानं हॉटेल काढलं, ते दोन उन्हाळे टिकलं. मग कडकनाथ कोंबड्या आणल्या, त्या रोगानं गेल्या. जमलेली सोयरीकही त्यातच मोडली. तेव्हा त्याची आई, शालूबाई, त्याला गावाहून औंधला घेऊन गेली. यमाईच्या पायरीवर त्याचा हात ठेवून तिनं शपथ घातली, "परत धंदा काढलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

विश्वजीतनं शब्द पाळला. पण डोक्यात किडे वळवळायचे ते काही थांबले नाहीत. मग तो नुसत्या कल्पनाच विकू लागला. ऊसतोडीच्या टोळ्यांमागं हिंडणारी न्हाव्याची गाडी, ही त्याची कल्पना. कोयनेला येणाऱ्या पर्यटकांना पाटणच्या बायकांनी नाचणीचं आंबील बाटलीत भरून विकायचं, हीही त्याचीच. लोक औंधच्या स्टँडवर त्याला शोधत यायचे, चहा पाजायचे, ऐकून घ्यायचे, आणि धंदा चालला की त्याचा वाटा घरी पोचता करायचे. दुकान त्यांचं, नुकसान त्यांचं. विश्वजीतला वाटायचं, देवीनंच हा मधला रस्ता दाखवला.

त्याचा थोरला भाऊ वीरधवल लष्करात होता. तिकडं डोंगरात कधी कधी आठवडा-आठवडा रेंज नसायची. त्या दिवसांत शालूबाईच्या घशाखाली घास उतरत नसे. ते बघता बघताच विश्वजीतला 'खुशाली' सुचली. जवानानं सुट्टीवर आला असताना आपला आवाज भरपूर नोंदवून ठेवायचा. तो गस्तीवर गेला की त्याच्या आवाजात घरी फोन जायचा, जेवलीस का, पाऊस पडला का, एवढंच. आईला आधीच सांगून ठेवायचं की हा खरा विरू नव्हे, पण आवाज त्याचाच.

ही कल्पना त्यानं सांगलीच्या दिग्विजयला विकली. विश्रामबागेत दिग्विजयचं कॉम्प्युटरचं लहानसं ऑफिस होतं. हुशार माणूस, बोलायला मऊ. त्यानं विश्वजीतच्या कल्पनेला आणखी पंख लावले. आवाज नुसता बोलणार नाही, ऐकून उत्तरही देईल, असं केलं. पहिला आवाज वीरधवलचाच घेतला. सुट्टीत दोघं भाऊ मोटारसायकलवरून सांगलीला गेले. वीरधवल खुर्चीत बसून लहानपणच्या गोष्टी सांगत राहिला, शिव्या दिल्या, मध्येच गाणं म्हटलं. दिग्विजयची पोरं हसून हसून बेजार झाली.

त्याच हिवाळ्यात सिक्कीममध्ये बर्फावरून गाडी घसरली आणि वीरधवल गेला.

तिरंग्यात गुंडाळून त्याला गावात आणलं. सगळी पंचक्रोशी लोटली. दिग्विजयही सांगलीहून भेटायला आला होता. शालूबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं त्याला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "तुमच्याकडं माझ्या विरूचा आवाज हाय न्हवं?"

दिग्विजयनं मान खाली घातली. "आहे, मावशी."

"मग मला फोन लावत जावा."

विश्वजीत शेजारीच उभा होता. रडणाऱ्या आईला काय बोलणार?

तेराव्यानंतर फोन सुरू झाला. रोज दिवेलागणीला यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा वीरधवलची बायको दीपमाला आत भाकरी थापत होती. सोप्यातून नवऱ्याचा आवाज आला, "काय करतीस गं आये? जेवलीस का?" दीपमालाचे हात परातीतच राहिले. तव्यावरची भाकरी जळली, सगळ्या घरात तिचा वास भरला. सहा वर्षांची अंकिता "पप्पा आलं, पप्पा आलं" करत बाहेर पळाली, आणि आजीच्या हातातला फोन बघून दारातच थांबली.

त्या दिवसापासून त्या घरात मेलेला माणूस रोज संध्याकाळी बोलायचा. हसायचा. खोकायचासुद्धा, कारण त्या दिवशी सांगलीत त्याला खोकला होता. शालूबाईनं सकाळ-संध्याकाळ जेवायला सुरुवात केली, कपाळावरची शीर उतरली. दीपमाला मात्र वाळत चालली. संध्याकाळ झाली की ती कानाला पदर बांधून गोठ्यात जायची, आणि फोन संपेपर्यंत म्हशीला टेकून उभी राहायची.

एकदा विश्वजीत वैरण टाकायला गेला, तेव्हा ती तिथं होती.

"भावजी, एक सांगा," ती म्हणाली. "तुमचं दादा गेलं, ते मी बघितलंय. डोळ्यानं बघितलंय. मग रोज माझ्या घरात येतंय ते कोण?"

"वैनी, आईला आधार वाटतुया."

"आणि मला? काल अंकी विचारत हुती, पप्पा आजीशीच का बोलत्यात, माझ्याशी का न्हाईत. काय सांगू तिला?"

पेंढी टाकून विश्वजीत निघून आला. रात्रभर मात्र त्याला वाटत राहिलं की शेजारच्या खोलीत कुणीतरी कूस बदलतंय.

दीपमालाचं माहेर कुपवाडचं. तिच्या भावानं तिथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात तिच्यासाठी काम बघून ठेवलं होतं. अंकितालाही तिकडच्या शाळेत घालता आलं असतं. तिनं ते सासूला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देता देता शालूबाई म्हणाली, "मी विरूला इचारलं."

दीपमालानं कपबशी खाली ठेवली. "काय इचारलं, आत्या?"

"तू जाऊ का नको ते. तो म्हनला, आये, तू म्हणतीस तेच बरोबर. तिनं हितंच राहायचं. पोरीला परक्या गावात न्यायची न्हाई."

दीपमालानं पायरीवर चहा पीत बसलेल्या विश्वजीतकडं बघितलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. फक्त म्हणाली, "जित्तं असतं तर हे माझ्या तोंडावर बोललं असतं ते."

त्याच दिवशी विश्वजीतनं सांगली गाठली.

दिग्विजयचं ऑफिस आता मोठं झालं होतं. कानाला यंत्रं लावलेली पोरं-पोरी ओळीनं बसली होती. जिवंत जवानांच्या घरांतून 'खुशाली'ला फारशी मागणी आलीच नव्हती. मागणी आली ती वीरधवलची बातमी पसरल्यावर, गेलेल्यांच्या घरांतून. अपघातात पोरगा गेलेले, बायको गेलेले, सगळे जुने आवाज घेऊन येत होते. विश्वजीतला घरी वाटा येत होता तो यातूनच, हे त्याला त्या खोलीत उभं राहिल्यावर नीट कळलं.

"दादाचा आवाज बंद करा," तो म्हणाला.

दिग्विजयनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. "विश्वजीतराव, तो आवाज तुमच्या आईंच्या नावावर आहे. त्या सांगतील तेव्हा बंद करतो. तुम्ही नाही सांगू शकत."

"कल्पना माझी हाय."

"होती," दिग्विजय सावकाश म्हणाला. "ती तुम्ही मला दिली. रागावू नका. पाटणच्या बाजूला धोंडुबाई म्हणून एक म्हातारी आहे. लेक गेल्यावर तिनं अंथरूण धरलं होतं. आता उठून चार घरं फिरते. तिचं बंद करू? तुम्हीच सांगा."

विश्वजीतनं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, "पण दादा आईच्या सगळ्याला व्हय कसं म्हणतो?"

दिग्विजयला आश्चर्य वाटलं. "तुम्हीच सांगितलं होतं की. पहिल्याच दिवशी म्हणालात, घरच्या माणसाचा जीव घाबरा होईल असं बोलायचं नाही, त्यांना नाही म्हणायचं नाही. आम्ही सगळ्या आवाजांना तसंच शिकवलंय."

विश्वजीत बाहेर आला. शंभर फुटी रस्त्यावर उन्हात उभा राहिला. त्याला त्या सगळ्या म्हाताऱ्या दिसू लागल्या. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत घराघरांत बसून विचारतायत, आणि मेलेली माणसं व्हय म्हणतायत. जमीन विकू का? व्हय. सुनेला हाकलू का? व्हय. मी तुझ्याकडं येऊ का रं बाळा?

घरी आला तेव्हा दुपार टळत होती. शालूबाई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. त्यानं दीपमालाला बोलावलं, आईचा फोन घेतला, खुशालीचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"बोल की गं आये," वीरधवल म्हणाला. अवेळी तो आवाज ऐकून दीपमालानं दाराची चौकट धरली.

"दादा, मी विशू. वैनी कुपवाडला जायचं म्हणत्यात. जाऊ द्यावं का?"

"जाऊ दे की. पोरीचं बरं होईल."

"आणि न्हाई जाऊ दिलं तर?"

"तेबी बरोबर हाय. आपलं घर हाय, हितंच बरं." तोच आवाज, तीच माया. मध्ये वीरधवल थोडा खोकला.

"बघितलंस आये?" विश्वजीत म्हणाला. "त्यो कुणालाच न्हाई म्हणत न्हाई."

"बंद कर त्यो," शालूबाई म्हणाली. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"मला काय येडी समजतोस व्हय रं? लष्करात जाऊ नगो म्हनलं, गेला. हिच्याशी लगीन करू नगो म्हनलं, केलं. साधी टोपी घाल म्हनलं तर उन्हात उघड्या डोक्यानं हिंडायचा. माझं एक म्हणून ऐकलं न्हाई त्यानं कवा. पयल्या दिवशी त्यो म्हनला, आये, तू म्हणतीस तसंच. तवाच कळलं मला, ह्यो माझा विरू न्हवं."

"मग रोज बोलतीस कशाला?"

"आवाज त्याचा हाय की रं."

शालूबाईनं दीपमालाकडं मान वळवली. "माझ्या तोंडानं राहा म्हनलं असतं तर तू राहिली नसतीस. म्हणून त्याच्या तोंडानं म्हनलं. घर खायला उठंल गं मला. पण जा तू. पोरगीला घिऊन जा."

दीपमाला खाली बसली आणि सासूच्या मांडीवर डोकं ठेवून, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं रडली.

आठवड्याभरात तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला. अंकितानं आजीला सुट्टीत येण्याचं वचन दिलं. टेम्पो वळणाआड गेल्यावरही शालूबाई अंगणात उभीच होती.

त्या संध्याकाळी सोप्यातल्या खाटेवर फोन वाजला. शालूबाई बाहेर पायरीवर बसली होती, ती उठली नाही. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. विश्वजीत तो बंद करायलाच आत गेला होता, पण त्याच्या बोटानं उचलला.

"कोण, आये?"

"न्हाई. विशू."

"विशू! बोल की रं गड्या. जेवलास का?"

भाऊ गेल्यापासून विश्वजीत त्याच्या आवाजाशी स्वतःचं असं काहीच बोलला नव्हता. तो खाटेच्या कडेवर बसला. अंधार पडत होता, दिवा लावायचं राहिलं होतं.

"दादा," तो म्हणाला, "लय चुकलं का रं माझं?"

"न्हाई रं," वीरधवल म्हणाला. "तुझं काय चुकंल? तू केलंस ते बरोबरच केलंस."

खरा वीरधवल असता तर त्यानं आईबहिणीवरून शिव्या घालून त्याला सोलून काढला असता. विश्वजीतला हे पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानं फोन ठेवला नाही. तो बोलत राहिला, कडकनाथ कोंबड्यांचं, मोडलेल्या सोयरिकीचं, कधी कुणाला न सांगितलेलं सगळं सांगत राहिला, आणि पलीकडून मायेनं व्हय, व्हय येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगलीला फोन करून बंद करायला सांगावं, असं ठरवलं. आईही तयार होती. पण दिवसभरात ते राहूनच गेलं. त्याच्या पुढच्या दिवशीही राहिलं. औंधच्या स्टँडवर कुणीतरी नव्या कल्पनेसाठी थांबलंय असा निरोप आला, तोही त्यानं परतवला.

दिवेलागणीला फोन वाजला. चुलीपाशी बसलेल्या शालूबाईनं मागं वळूनही बघितलं नाही.

"उचल की," ती म्हणाली. "तुझाच असंल."