एक चक्कर

शर्यतीत सपनाची शिडाची होडी वळणाच्या तरंगत्या बोयाला घासली, तेव्हा चूक तिची नव्हती. वारा तिला उजवीकडून होता, म्हणजे नियमाने वाट तिची. ती दोनदा ओरडलीही होती. तरी मुकुल आडवा घुसला, त्याच्या होडीचं नाक तिच्या होडीवर आदळलं आणि ती थेट केशरी बोयावर ढकलली गेली. "प्रोटेस्ट!" ती किंचाळली आणि जागच्या जागी होडीची एक पूर्ण चक्कर मारली. बोयाला लागलं की शिक्षा म्हणून लगेच चक्कर, हे यज्ञेश सरांनी सहा महिने घोटून घेतलं होतं.

मुकुल सरळ निघून गेला आणि दुसरा आला. दुसरी असलेली सपना पाचवी आली. हैदराबादच्या शिबिराला पहिले तिघंच जाणार होते.

किनाऱ्यावर येताच तिने तक्रारीचा फॉर्म भरला. क्लबच्या खोलीत दीप्ती मॅडम पंच म्हणून बसल्या.

"मॅडम, हिने चक्कर मारली," मुकुल म्हणाला. "म्हणजे चूक कबूलच केली ना!"

"किती मारल्या रे?" सपनाने विचारलं.

"एक. मी वळून बघितलं."

"दुसऱ्याला धडकलं तर दोन मारायच्या असतात. एक मारली ती बोयाला लागल्याची. धडकेची कोणी मारायची होती?"

मुकुल चपलांकडे बघायला लागला. मॅडमनी दोन प्रश्न विचारले आणि त्याचा नंबर खोडला.

सपनाने निकालाच्या फळ्याकडे बघितलं. मुकुल गेला तरी ती चौथीच होती.

"पण चक्कर मारावी लागली म्हणून तर मी मागे पडले!"

"मारावी लागतच नव्हती," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्याच्या चुकीमुळे बोयाला लागलीस तर शिक्षा माफ असते. तू आपणहून मारलीस. त्याची भरपाई नियमात नाही."

"हे बेसिक आहे यार," मुकुल पुटपुटला. "आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं."

सपना गर्रकन वळली. यज्ञेश सर दारात उभे होते. शनिवारी ते मुकुलच्या विलेपार्ल्याच्या शाळेला शिकवत, रविवारी सपनाच्या, घाटकोपरच्या महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना. खाडी तीच, होड्या त्याच.

"सर, यांना तुम्हीच शिकवलंत ना?"

"अगं, नियमांचं पुस्तक इंग्रजी. तुमच्या बॅचला जड गेलं असतं. आधी शिस्त लागू दे म्हटलं."

"शिक्षेचं पान बरं जड गेलं नाही?"

"सपना, आवाज खाली!"

"का? आम्हाला फक्त शिक्षा शिकवल्यात. माफी कधी असते ते यांना सांगितलंत. बोयाला लागलो की आम्ही सगळे गपचूप गोल फिरतो, आणि हे लोक पुढे जातात!"

 

सपनाने भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. "मॅडम, तक्रारीची वेळ संपायला अजून वीस मिनिटं आहेत ना?"

"आहेत. कोणाविरुद्ध?"

"सरांविरुद्ध."

"हा फॉर्म होडीविरुद्ध असतो गं. कोचविरुद्ध चालत नाही."

"मग तो कुठला असतो?"

दीप्ती मॅडमनी खण उघडला, आतले कागद चाळले आणि खण परत लावला. तसा फॉर्म नव्हता. सपनाने होडीचा फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं: "रविवारच्या बॅचला नियम अर्धेच शिकवले."