उठताना धरायला

सौदीतल्या खमीस मुशैतमध्ये म्हाताऱ्यांच्या घरांत पालिकेच्या खर्चाने आधाराच्या दांड्या बसवायचं काम दौलतकडे होतं. म्हाताऱ्या अबू सालेहच्या बैठकीच्या खोलीत त्याने खुर्चीशेजारी कमरेच्या उंचीवर दांडी बसवली आणि ऐटीत हात झटकले. म्हातारा हसला. खुर्ची मुलाने हौसेने आणलेली. म्हातारा स्वतः बसायचा जमिनीवरच्या गादीवर.

"अक्कल काय गहाण टाकली होती मी?" दौलत स्वतःवरच चरफडला. गुहागरला आपली आई तरी कधी खुर्चीत बसते?

त्याने दांडी काढून गादीजवळ, खाली बसवली. ती धरून म्हातारा एकटाच उभा राहिला.

बाहेर येताच दौलतने गावी बायकोला फोन लावला. "शालन, आई उठताना काय धरते गं?"

"मला," शालन म्हणाली.