कुणी हात घातला?

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सगळे कारखाने आत्याच म्हणत. आत्याचा नियम एकच: मशीन बंद पडलं की मला बोलवा, स्वतः स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. आल्या आल्या ती कमरेवर हात ठेवून विचारायची, "कुणी हात घातला यात?" आणि शिवणाऱ्या बायका एकजात छताकडे बघायच्या.

त्या दुपारी मात्र आत्याचीच व्हॅन रुसली. सुयांची पाकिटं घेऊन ती दुकानातून आली, किल्ली फिरवली, तर गाडी ढिम्म! चारच्या आत गणवेशाच्या कारखान्यात पोचायचं होतं. मुकादम बाईंनी सकाळीच बजावलं होतं, "चारपर्यंत आलीस तर ठीक, नाहीतर नवा मेकॅनिक लावते. कायमचा." वीस वर्षांचं गिऱ्हाईक!

एरवी आत्याने केव्हाच बॉनेट उघडलं असतं. पण सकाळपासून तीन मशीनं खोलून अंगठा असा आखडला होता की पाना धरवेना. दुसरी गाडी करून जावं, तर हत्यारांची पेटी उचलायचं त्राण नव्हतं. त्यात धाकट्या भावाचा फोन.

"ताई, ते गाडी बंद पडली की मदतीला येणारे, त्यांचा फॉर्म भरू नकोस हं यंदा. अकरा वर्षं मेंबर आहेस, एकदा तरी बोलावलंस का? नसती हौस!"

"आता बोलावते," ती म्हणाली. तिने फोन ठेवून हत्यारांची पेटी उघडली.

मेंबरशिपचं कार्ड पेटीच्या तळाशी होतं, तेलाने चिकट झालेलं. "चाळीस मिनिटं लागतील," फोनवरची मुलगी म्हणाली. आत्याने कारखान्यात कळवलं. "मग बघते मी," एवढंच बोलून मुकादम बाईंनी फोन ठेवला. झालं! आत्याने सीटवर मान टेकली.

काच वाजली तेव्हा बाहेर नारिंगी जाकीट घातलेला, झुबकेदार मिशांचा माणूस उभा होता. त्याने बॉनेट उघडलं, वाकून बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"कुणी हात घातला यात?"

आत्या आभाळाकडे बघू लागली.

बॅटरीच्या सैल वायरला मशीनच्या जाड दोऱ्याचे घट्ट वेढे होते. गेल्या महिन्यातली तिचीच कारागिरी!

"गाठ सुरेख आहे," तो क्लिप बसवत म्हणाला. "पण ताई, मेंबर आहात ना? मग तेव्हाच बोलवायचं की!"

आत्या कारखान्यात पोचली तेव्हा सव्वाचार वाजले होते.

"नवा आला?" तिने दारातूनच विचारलं.

"उद्या येतो म्हणाला," मुकादम बाई फणकारल्या. "माझ्या बायका काय उद्यापर्यंत बसून राहणार? नको म्हणून सांगितलं त्याला. तू घे बघू हातात."

मशीनचं झाकण उघडं होतं, स्क्रूचा माथा ओरबाडलेला. बायकांनी छताकडे बघायला सुरुवात केलीच होती.

"कुणी ते राहू दे," आत्या म्हणाली. "आधी एक स्टूल द्या गं."

संध्याकाळी भाऊ घरी हजर. "काय निघालं मग?"

"वायर. दोन मिनिटांचं काम."

"बघ! तूच केलं असतंस!"

"केलं असतं ना. दरवेळी मीच करते." तिने फॉर्म पुढे ओढला. "आज चाळीस मिनिटं झोपले रे."

आखडलेल्या अंगठ्यामुळे सही जरा वाकडीच आली.