तुकडा बिस्किटांचा डबा

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. माझी एक कडी निखळली आहे आणि माझा स्वभाव संशयी आहे. मित्रांनो, दिवसभर झाकणाखाली अंधारात बसणाऱ्याला दुसरं काम तरी काय असतं?

बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं भरणाऱ्या एका आईने मला लेकीच्या शाळेसाठी विकत घेतलं. नवा होतो तेव्हा शेजारणी माझ्यात तोंड पाहायच्या. कारखान्यात कामगारांना तुटकी बिस्किटं जवळजवळ फुकट मिळत. भाजी आणायला आईकडे पैसा उरत नसे आणि शिजवायला वेळ. ती सकाळी बिस्किटांचे तुकडे माझ्यात काठोकाठ भरी आणि अभिमानाने म्हणे, "मोठ्या घरची पोरं हेच खातात."

पुढे वर्गात एका डॉक्टरीणबाईंचा मुलगा लेकीशेजारी बसू लागला. मधल्या सुट्टीत तो इकडेतिकडे पाही, माझ्यातली बिस्किटं काढून घेई आणि आपलं उकडलेलं अंडं माझ्यात ठेवी. मला वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. असं अंडं कोण कुणाला देतं? उद्या हाच पोरगा माझ्या लेकीला चोर ठरवणार, अशी माझी खात्री झाली.

चोर ठरवलं खरं, पण त्याने नाही. एका संध्याकाळी आई मला घासायला बसली. तिने माझा वास घेतला, मग पुन्हा घेतला.

"हे अंडं कुणाचं उचललंस?"

"उचललं नाही. माझ्या शेजारी बसतो त्याने दिलं."

"फुकट कोण देतं गं? खरं सांग."

"फुकट नाही. त्याच्या घरी गोड खाऊ देत नाहीत. मी त्याला बिस्किटं देते."

संशयाला जागाच उरली नाही, त्यामुळे मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. आईचा चेहरा मात्र उतरला.

"मी एवढी भरून देते. तुला आवडत नाहीत?"

"आवडतात गं. पण थोड्या वेळाने परत भूक लागते, मग फळ्यावरचं नीट दिसत नाही. अंडं खाल्लं की तसं होत नाही."

आईच्या हातातला काथ्या तसाच राहिला. डबा भरला म्हणजे लेकीचं पोट भरलं, असं ती इतके दिवस धरून चालली होती. तिला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यात अंडं ठेवलं. घरात माणसं दोन होती आणि अंडं एकच उकडलं होतं. "तू काय खाल्लंस?" लेकीने विचारलं.

"माझं झालं," आई म्हणाली आणि घाईने कामावर निघून गेली.

आता लेक मोठी झाली आणि मी फडताळात मागे पडलो आहे. मला घासूनपुसून ठेवा, असं मी सांगणार नाही. मित्रांनो, तुमचा डबा जो कुणी भरतो, त्याने स्वतः काय खाल्लं ते एकदा विचारा. "माझं झालं" असं उत्तर आलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका.