सड्यावरचं परडं

पडवळाच्या टोकाला बांधलेला दगड सुटायला आला होता. मालनने सुंभाची गाठ पुन्हा आवळली. दगड नसला की पडवळ वेडंवाकडं वळतं... माणसाला असा दगड कुठे बांधावा? पडवीत नवरा खोकला आणि तिला कडवट हसू आलं.

मुंबईच्या गोदीत हाडं झिजवून आत्माराम पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने कायमचा घरी आला होता. आजवर गणपतीपुरता यायचा, नवा कोट वाडीभर मिरवायचा नि जायचा. तिकडे त्याने ठेवलेली गंगा होती; कोणाला ठाऊक नव्हतं? आणि इकडे मालन सड्यावरच्या उघड्या कातळावर टोपल्या ओतत होती – वहाळाकाठची माती, गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, बंदरावर कुजलेली तारली मासळी – लोक नाकाला पदर लावून जायचे. आता त्याच कातळावर भेंडी, दोडकी, काकड्यांचं परडं. आणि हा शहाणा परवा म्हणतो, "आमच्या सायबाच्या बागेत विलायती खत घालीत. मिठासारखा पांढरा. वास म्हणून नाय." वास नाही! शेणाला नाक मुरडतो आणि त्याच शेणावरची भाजी ताट पुढे करकरून मागतो.

तो काठी टेकत परड्यात आला, पायरीवर बसला.

"मालन, ऐक गो."

ती भेंडीच्या पानामागचा मावा बोटाने चिरडत राहिली.

"बोटी सुरू झाल्या की... गंगेला हयसर आणू काय? तिचा कोण नाय. डोळ्यांनी दिसत नाय आता तिला."

"लाज नाय वाटत तुमाला?"

"वाटते," तो म्हणाला.

तेही भाजी मागितल्यासारखंच म्हणाला. लाजसुद्धा याला धड लाजेसारखी वाटत नाही... पण दिसत नाही? म्हणजे काहीच दिसत नाही? मालनचा हात थांबला. कुणी तरी आपल्याला फसवलं असं तिला वाटलं. कारण टोपली ओतताना, रहाट ओढताना, तिच्या डोळ्यांपुढे कुंपणापलीकडे नेहमी गंगाच उभी असायची – रेशमी लुगडं, पायात वहाणा – आणि मी तिला मनात म्हणायचे, बघ, तुझ्याकडे माझा नवरा आहे, बघ मी कातळावर काय उगवलंय! इतकी वर्षं मी खपले ती तिने बघावं म्हणून? त्या बाईने? शी...

आता ती आली तरी बघणार नाही. हात लावील फार तर. भेंडीची लव टोचेल तिला. आधी काकडीच द्यावी हातात, गार असते. मग पपईच्या खोडाशी न्यावं, तिथली माती पायाला मऊ लागते...

पायरीवर तो अजून वाट पाहत होता. 'नाही' म्हणायचं राहूनच गेलं, हे तिच्या ध्यानात आलं. तिने तो शब्द जुळवला, जिभेवर आणला. तिरस्कार होताच, पुरेपूर होता – फक्त तो नक्की कोणाचा, हे आज पहिल्यांदाच तिला सांगता येईना.