पाठ केलेली मुलगी

माझी ताई पेशींमधली भांडणं बघते. तिचं काम काय असं कुणी विचारलं की मी हेच सांगतो, आणि ती चिडते. ती एका प्रयोगशाळेत आहे. उंदरांच्या मेंदूचे कागदाहून पातळ काप काढते, त्यांना रंग लावते आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके शोधत बसते. मी घराखालच्या दुकानात लोकांच्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना कापड चढवतो. पाठीचं वाटोळं मात्र दोघांचं सारखंच झालंय.

दुकान मुळात आईचं. बाबा गेल्यावर तिने ते एकटीने चालवलं. माझं अभ्यासात डोकं नाही हे तिला लवकर कळलं, म्हणून माझ्या हातात दाभण दिला आणि ताईला शिकवलं. आता ती दिवसभर दुकानात माझ्यासमोर बसते, गिऱ्हाइकाची जी खुर्ची तयार झाली असेल तिच्यात. त्यामुळे आमच्याकडची प्रत्येक खुर्ची नेण्याआधी आईने वापरून बघितलेली असते.

तिला अल्झायमर झालाय हे डॉक्टरांनी सांगितलं, पण ताईने ते आधीच ओळखलं होतं. ताईने उभी हयात याच आजारावर घालवलीय. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याकडे अगदी बरोबर दिव्याखालीच येऊन बसला. त्या दिवशी ताई दुकानात आली, तेव्हा मी एका सोफ्याच्या स्प्रिंगा बांधत होतो.

"पेशी मरतात म्हणून माणूस विसरतो असं लोकांना वाटतं," ती म्हणाली. "त्या मरतात, पण खूप नंतर. आधी जातात ते त्यांच्यातले जोड. एका पेशीने दुसरीला निरोप द्यायची जागा असते ना, ती. आईच्या पुष्कळ पेशी अजून जिवंत आहेत, धाकट्या. त्यांचं एकमेकींशी बोलणं तुटतंय."

"कोण तोडतं?"

"मेंदूचेच सफाई कामगार."

मग तिने मला सगळं सांगितलं, आणि मला जसं समजलं तसं मी सांगतो. लहान मुलाच्या मेंदूत हवेत त्याहून जास्त जोड असतात. नको असलेल्या जोडावर एक खूण पडते, 'हा खा' अशी, आणि सफाईच्या पेशी येऊन तो खाऊन टाकतात. मूल मोठं झालं की हे काम मंदावतं. या आजारात एका प्रथिनाचे बारीक गोळे जोडांना चिकटतात, चुकीचे निरोप सुटतात, आणि खुणा पुन्हा पडायला लागतात. कामगार बिचारे हुकमाचे ताबेदार. खूण दिसली की खातात. सुक्याबरोबर ओलंही जळतं. कुणाचं नाव, कुणाचं तोंड, घरचा रस्ता, त्यांना काय त्याचं.

"म्हणजे चोर बाहेरचा नाहीच," मी म्हणालो.

"नाही. आणि म्हणूनच तो 'हा खा' असा निरोप अडवता आला, तर तोडणं थांबवता येईल. कदाचित जोड परतही येतील. त्यावरच तर आमचं काम चाललंय."

इथपर्यंत ठीक होतं. पण ताई शास्त्रज्ञ आहे, तिला आशासुद्धा शास्त्रशुद्ध लागते. कोवळ्या उंदरांत म्हणे असं दिसलंय की जो जोड गप्प पडतो त्याच्यावर खूण आधी पडते, आणि जो वापरात असतो तो बहुतेक वाचतो. ताईने त्यावरून ठरवलं की आईच्या डोक्यातला 'माझी मुलगी' हा जोड रोज वापरात ठेवायचा. बाकी काही गेलं तरी चालेल, हा जाऊ द्यायचा नाही. मी तिला म्हणालो की उंदराला कुणी रोज संध्याकाळी उभं करून 'मी तुझी कोण' असं विचारत नाही. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. दिवे लागायच्या सुमारास ताई यायची आणि खांद्यावरची पिशवीही न उतरवता आईच्या पुढ्यात उभी राहायची.

"आई, मी कोण?"

सुरुवातीला आई तिच्या गालावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "ये गं, दमलीस?" मला विचाराल तर याहून बरोबर उत्तर जगात नाही. ताईला ते चालायचं नाही. मोघम आहे म्हणायची, असं तर ती गिऱ्हाइकालाही म्हणेल. "नीट सांग आई. मी तुझी कोण? आठव." आई आठवायला जायची आणि हातात असलेलंही सांडायचं. मग ताईचा आवाज चढायचा. रागाने नव्हे, भीतीने चढायचा, ते मला कळत होतं. आईला कसं कळणार? हळूहळू गालावरून हात फिरायचा थांबला. मला ताईचा राग यायचा, आणि तिची कीवही यायची. आईने आपल्याला विसरू नये एवढंच तर ती मागत होती.

एकदा संध्याकाळी समोरच्या गल्लीतले दिवे लागले आणि आई रुमालाचं टोक पिळायला लागली.

"ती बाई येईल ना रे आता?" तिने मला विचारलं.

"कोण बाई?"

"ती रे, पिशवीवाली. प्रश्न विचारते ती." तिने दाराकडे बघून आवाज आणखी खाली आणला. "तिला काय सांगायचं असतं? तू सांग ना. चुकलं की रागावते."

मी हातातला टाका तसाच सोडून तिच्याजवळ गेलो. काय करायला हवं होतं मी? कुठल्याही शहाण्याने दुकानात येऊन सांगावं.

"सांग, तू माझी मुलगी."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने ते तोंडातल्या तोंडात घोळवलं. दारात ताई दिसली तशी ती खुर्चीत ताठ झाली, आणि ताईने विचारायच्या आत म्हणाली, "तू माझी मुलगी." ताई खाली बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आईने माझ्याकडे बघितलं, बरोबर आलं का म्हणून. मी मान हलवली.

त्यानंतर हे रोजचंच झालं. दिवे लागले की मी आईची उजळणी घ्यायचो, आणि ती पास व्हायची. ताईच्या चेहऱ्यावर रंग आला. ती जेवायला लागली, घरी आल्यावर माझी टिंगल करायला लागली. "बघ," मला म्हणायची, "बाकी सगळं सुटतंय, पण हा जोड टिकून आहे." दोनदा मी तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. खरं सांगितलं असतं तर ताईची आई गेली असती, आणि गप्प बसलो तर माझी आई रोज संध्याकाळी घाबरत होती.

मग एक दिवस ताई भर दुपारी आली. पायरीवर पाय ठेवायच्या आधीच तिचं बोलणं सुरू झालं होतं. मी एका हातवाल्या खुर्चीच्या पाठीला डिंक लावत होतो, आई खिडकीपाशी बसली होती.

"परत आले, धाकट्या. ज्या उंदरांत आम्ही निरोप अडवला होता, त्यांच्यात हिरवे ठिपके, म्हणजे तुटलेले जोड, परत आले. मी दोनदा बघितलं, सरांना बोलावून दाखवलं. पेशी जिवंत असतात, मी म्हणत होते ना तुला? तोडणं थांबलं की त्या पुन्हा जोडून घेतात." तिला धाप लागली होती. इतकी सुंदर मी तिला कधी बघितली नव्हती. ती तशीच आईकडे वळली. "आई, ऐकलंस? सांग बघू, मी कोण?"

आईने खिडकीबाहेर बघितलं. ऊन होतं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिचा हात रुमाल शोधायला लागला.

"आज लवकर आली ही," ती मला हळूच म्हणाली. "तू अजून सांगितलंच नाहीस मला."

दुकान एवढंसं आहे. ताईला ऐकू गेलं.

"काय सांगतोस तू तिला?" तिने मला विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. ती ओरडेल असं वाटलं होतं, पण ती फोमच्या गुंडाळीवर बसली आणि ऐकत राहिली.

"घाबरते मला?"

"हो."

"मी यायच्या आधीपासून?"

"दिवे लागले की."

ताईने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. तोडणारा घरातलाच असतो हे तिनेच मला शिकवलं होतं. ते मी बोललो नाही, पण तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं की तीही त्याच वाटेने तिथे पोचलीय. मग ती उठली आणि आईच्या पायांशी जाऊन बसली. हात लावायचा की नाही हे तिला कळेना, म्हणून दोन्ही हात तिने स्वतःच्याच मांडीवर ठेवले.

"आज प्रश्न नाही, आई," ती म्हणाली. "उद्याही नाही. आता कधीच विचारणार नाही."

आईचा विश्वास बसायला वेळ लागला. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तिची बोटं रुमालावरून सुटली, खांदे खाली आले. मग तिने ताईकडे नीट निरखून बघितलं, दारात आलेल्या परक्या माणसाकडे अदबीने बघतात तसं.

"मग तुम्ही कशाला आलात?" तिने विचारलं. "खुर्ची न्यायला?"

ताईने माझ्याकडे बघितलं. 

"हो," ताई म्हणाली.

"अजून व्हायचीय," आई म्हणाली, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ताईकडे बघून मनापासून हसली. "पुढच्या आठवड्यात या."