माझी वाकडी मान आणि लिनेटची बोटं

मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो, आणि माझी मान वाकडी होती. हे मी तुम्हाला पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण ज्या मुलीला सांगायला हवं होतं तिला ते मला सांगता आलं नाही.

जन्मले तेव्हा मी सरळ होते. मान रुंद, अंग हलकं, तारा नायलॉनच्या आणि आवाज मऊ. उत्तनच्या रुडॉल्फने मला लग्नाच्या वर्षी घरी आणलं आणि चर्चच्या गायनमंडळात नेऊन बसवलं. पण आमच्या गावची माणसं एका होडीवरून दुसऱ्या होडीला हाका मारत वाढलेली. ती गायला लागली की माझा आवाज शेजारच्या बाकापर्यंतही पोहोचत नसे. मग एका दुपारी रुडॉल्फने माझ्या नायलॉनच्या तारा उतरवल्या आणि स्टीलच्या चढवल्या. पुढच्या रविवारी मी अशी खणखणले की मागच्या बाकावरचे म्हातारे माना उंचावून पाहू लागले. शाबासकी मलाही गोड लागली, खोटं कशाला बोलू?

स्टीलचा ताण माझ्या जातीच्या गिटारीला झेपत नाही. त्या तारा मला वर्षानुवर्षं पुढे ओढत राहिल्या आणि माझी मान केसाकेसाने वाकत गेली. तारा मानेपासून वर उचलल्या गेल्या. त्या दाबायला दुप्पट जोर लागू लागला, पण रुडॉल्फला पत्ताच नाही. समुद्रातून डोलीचं जाळं ओढणारी त्याची बोटं! त्यांना जड काय आणि हलकं काय?

पुढे होडीवर त्याचा खांदा दुखावला आणि मंडळातली त्याची खुर्ची रिकामी झाली. त्याची तेरा वर्षांची लेक लिनेट म्हणाली, “पप्पा, तिथे मी बसणार.” गावच्या सणाला चार महिने होते. मंडळ चालवणाऱ्या ज्युलिएट आंटींनी सांगितलं, “सणाच्या आधी ऐकते तुझं. जमलं तर खुर्ची तुझी.”

शहरात बेव्हर्ली पार्कला राहणारे लोकेश सर तिला शिकवू लागले. रोज एवढ्या लांब कोण नेणार? म्हणून शिकवणी मोबाइलवर. सर पडद्यावरून सांगत, “अंगठा मानेच्या मागे, मध्यावर. बोटं गोल ठेव, टोकावर उभी कर. फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्टीच्या, जवळ टेकव. जोर लावू नको, जागा बरोबर पकड.”

लिनेटने ते तंतोतंत केलं. नखं कापली. एक, दोन, तीन, चार, अशी चारही बोटं ती प्रत्येक तारेवरून सावकाश चालवायची. उचललेलं बोट तांदळाच्या दाण्याएवढंही जास्त वर जाऊ द्यायची नाही. करंगळीला तर तिने लाडाने शिकवलं. मित्रांनो, इतकी शहाणी बोटं माझ्या मानेवर कधी फिरली नव्हती. आणि मी काय दिलं तिला? नुसती फटफट. पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायची वेळ आली की तेवढाही आवाज निघेना.

सरांना बोटं दिसत होती, तारांची उंची दिसत नव्हती. ते म्हणायचे, “प्रॅक्टिस वाढव, होऊन जाईल.” रुडॉल्फ दारातून ओरडायचा, “दाब गं जोरात! डोल ओढणाऱ्याची पोर हाय तू, बोटात जोर कसा न्हाय?”

एकदा ती हळूच म्हणाली, “पप्पा, मला ना, गिटारच कडक वाटतेय.”

“नाचता येईना, अंगण वाकडं!” रुडॉल्फ हसला.

अंगण खरोखरच वाकडं होतं, मित्रांनो. पण ही म्हण एकदा ऐकली की समजूतदार मूल पुन्हा तक्रार करत नाही. लिनेटनेही केली नाही.

तिने सरांचं सोडलं आणि बापाचं धरलं. अंगठा मागून आवळून, दात खाऊन ती दाबू लागली. महिन्याभरात तिची अनामिका सकाळी वाकलेलीच राहू लागली. उजव्या हाताने ती बोट सरळ करायची, टक् असा आवाज यायचा, आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून ती दाराकडे बघायची. मी पाहत होते. तोंड नसलेल्याने पाहून काय करायचं?

परीक्षेच्या दिवशी तिसऱ्या ओळीतच मी दगा दिला. ज्युलिएट आंटी मायेने म्हणाल्या, “पुढच्या वर्षी बघू हं, बेटा.” खुर्ची दुसऱ्या मुलीला मिळाली.

लिनेटने घरी येऊन दुप्पट सराव केला. शेवटी अनामिका आखडली ती आखडलीच. डॉक्टरांनी छोटं ऑपरेशन केलं. त्यानंतर बोट दुखायचं थांबलं, पण ताठ राहिलं. आता ते तारेवर टेकत नाही.

मग मला कुणाला तरी देऊन टाकायचं ठरलं, आणि त्याआधी तपासून घ्यावं म्हणून रुडॉल्फ मला हाटकेशला दशरथकडे घेऊन गेला. दशरथ गिटारी दुरुस्त करतो. त्याने एक डोळा मिटून माझ्या मानेवरून नजर टाकली.

“अंकल, ही नायलॉनवाली आहे. स्टील कोणी चढवली?”

“मीच.”

“मान बघा कशी खेचली गेलीय. ह्याच्यावर कोणाचा पण हात कामातून जाणार. वाजवत कोण होतं?”

रुडॉल्फने मला दुरुस्त करून घेतलं आणि कुणाला न देता घरी परत आणलं. लिनेट सुकट निवडत बसली होती.

“पोरी, चूक माझी हाय. तुझी बोटं बरोबर व्हती.”

“आता काय त्याचं, पप्पा?” ती म्हणाली आणि पुन्हा सुकट निवडू लागली.

माझी मान आता जवळजवळ सरळ आहे, तारा नायलॉनच्या आहेत. लहान मूलही मला सहज वाजवील, पण या घरात मला कोणी हात लावत नाही. म्हणून सांगते, मित्रांनो, मेहनत करा, पण हात दुखला तर बोला. हसतील, म्हण ऐकवतील, तरी पुन्हा बोला. आणि मोठ्यांनो, मुलाच्या बोटांना नावं ठेवण्याआधी वाद्य एकदा जाणत्या माणसाला दाखवा.

येणारे-जाणारे मला भिंतीवर पाहून विचारतात, “लिनेट, गिटार का गं सोडलीस?”

“मला जमली नाही,” ती सांगते. रुडॉल्फ तिथेच बसलेला असतो.